एरिक लिडल ह्यांचा रविवार

एरिक लिडल हे नाव निघताच आमचे विद्यार्थी १९२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकची गोष्ट सांगू लागतात. शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी, म्हणून ते धावले नाहीत. पुढे चारशे मीटरची शर्यत त्यांनी ४७.६ सेकंदांत जिंकली. गोष्ट खरी आहे. परंतु तेवढ्यावर थांबल्यास तो मनुष्य अर्धाच कळतो, असे आम्हांस वाटते.

लिडल ह्यांचा जन्म १९०२ साली चीनमध्ये तिएन्त्सिन येथे, स्कॉटिश मिशनरी आईबापांच्या पोटी झाला. एडिंबरो विद्यापीठात शिकत असतानाच स्कॉटलंडच्या रग्बी संघात त्यांची निवड झाली. लांबट चेंडू छातीशी धरून धावावयाचे आणि प्रतिपक्षाने झेप घेऊन पाडावयाचे, असा हा दांडगा खेळ. लिडल मैदानाच्या कडेस खेळत. तेथे वेग हेच शस्त्र. १९२२ व १९२३ ह्या दोन वर्षांत ते सात आंतरराष्ट्रीय सामने खेळले. मोबदला एका पैचाही नाही. रग्बीत तेव्हा सारेच हौशी. शेवटचा सामना इंग्लंडशी, कलकत्ता कपासाठी झाला व स्कॉटलंड दोन गुणांनी हरले. कलकत्त्याच्या एका क्लबाने मोडतेवेळी शिलकेतील चांदीचे रुपये वितळवून हा चषक घडविला होता, हे ऐकून आमच्या मुलांस मोठी मौज वाटते. पुढे धावण्याकडे लक्ष देता यावे म्हणून लिडल ह्यांनी रग्बी सोडली.

१९२५ साली ते तिएन्त्सिनला परतून शाळेत विज्ञान शिकवू लागले. कीर्ती ऐन भरात असता वर्गात खडू हाती धरणे किती कठीण, हे शिक्षकांनीच जाणावे. १९४३ साली जपान्यांनी त्यांस वेइश्येनच्या छावणीत डांबले. तेथे आईबापांपासून ताटातूट झालेली पुष्कळ मुले होती. लिडल त्यांस शिकवीत, त्यांचे खेळ घेत. रविवारी मात्र नाही. एका रविवारी मुलांनी आपण होऊन हॉकी मांडली आणि पंच नसल्यामुळे मारामारी झाली. पुढच्या रविवारी शिट्टी घेऊन लिडल स्वतः मैदानावर उभे राहिले, अशी आठवण छावणीतील मुलांनी मोठेपणी सांगितली आहे.

कित्येकांस ही माघार वाटते. आम्हांस वाटत नाही. पॅरिसमध्ये त्यांनी सोडले ते स्वतःचे पदक. येथे सांभाळावयाची होती ती दुसऱ्यांची लेकरे.

२१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतील गाठीमुळे ते त्याच छावणीत वारले. छावणी मुक्त झाली ती त्याच वर्षीच्या ऑगस्टात.