कोण कोणास म्हणाले?

मराठीच्या जुन्या प्रश्नपत्रिकेत 'कोण कोणास म्हणाले?' हा प्रश्न हमखास असायचा. एका गुणाचा. त्यासाठी पुस्तक वाचायचीही गरज नसे; गाइडमधली यादी आदल्या रात्री घोकली की भागायचं. खरे मार्क पुढे असत: वातावरणनिर्मितीवर टीप लिहा, कथानकाचे विशेष सांगा, लेखकाची भाषाशैली सोदाहरण स्पष्ट करा. आता कृतिपत्रिका आली, आकलनाच्या चौकटी आल्या आणि हा किरकोळ प्रश्न मागे पडला. मला मात्र वर्गात कादंबरी घ्यायला त्याच्याइतका कामाचा प्रश्न सापडलेला नाही. तो एका वाक्याला न विचारता सगळ्या पुस्तकाला विचारायचा, एवढंच.

आणि त्यासाठी आमच्या जिल्ह्याइतकी सोय दुसरीकडे क्वचितच असेल. वि. स. खांडेकर सांगली शहरातले, व्यंकटेश माडगूळकर आटपाडीजवळच्या माडगूळचे, अण्णा भाऊ साठे वाळव्यातल्या वाटेगावचे. 'बनगरवाडी' १९५५ची, 'ययाति' आणि 'फकिरा' दोन्ही १९५९च्या. तेव्हा या जिल्ह्याचं नावही सांगली नव्हतं, दक्षिण सातारा होतं. १९६० साली ते बदललं. त्याच्याही आधी, म्हणजे हे तिघे जन्मले तेव्हा, तिघांवर राज्य करणारेसुद्धा वेगवेगळे: खांडेकरांवर सांगलीचे पटवर्धन, माडगूळकरांवर औंधचे पंतप्रतिनिधी, अण्णा भाऊंवर थेट इंग्रज. 'बनगरवाडी'त राजा गावात येतो, पोरं त्याला डोळ्यांनी बघतात. 'फकिरा'त सरकार म्हणजे खजिना आणि त्यावरचा पहारा. हा फरक गाइडमध्ये नसतो. 'ग्रामीण वातावरण' या एकाच मथळ्याखाली दोन्ही गावं बसवलेली असतात.

वातावरणनिर्मिती या शब्दावर माझा तसा रागच आहे. माणदेशातल्या वर्गात बसून पोरगं लिहितं, 'लेखकाने प्रस्तुत कादंबरीत माळरानाचे वातावरण प्रभावीपणे निर्माण केले आहे.' अरे, खिडकीतून बघ की! ती बाभळ, तो माळ, ती उन्हात डोकी एकमेकींच्या पोटाखाली घालून उभी राहिलेली मेंढरं लेखकानं कुठून निर्माण केली? ती होतीच. माडगूळकरांनी ठरवलं ते एवढंच, की हे सगळं कुणाच्या डोळ्यांतून दिसावं. त्यांनी एक तरुण शाळामास्तर निवडला. बंद पडलेली शाळा उघडायला आलेला, धनगरांच्या वाडीत परका, गावाला हळूहळू कळणारा आणि गाव ज्याला हळूहळू कळतं असा. तो गावाकडून तालीम बांधून घेतो, राजा येतो, मग पाऊस दगा देतो आणि मेंढरांमागे माणसं वाडी सोडून निघून जातात. मास्तर हे सारं फारसा आवाज न चढवता सांगतो.

वर्गाला मी काम दिलं: तालमीचा भाग मास्तर बाजूला ठेवून एखाद्या मेंढक्याच्या तोंडून लिहून आणा. बहुतेकांनी 'मास्तर'च्या जागी 'मी' घातलं आणि वही बंद केली. मागच्या बाकावरच्या एकाने, ज्याचं घर दिवाळीनंतर कळपामागे महिनोन्महिने बाहेर असतं त्यानं, तालीम दोन वाक्यांत उरकली. मास्तरनं सांगितलं, आम्ही माती वाहिली. उरलेलं पान सगळं एका मेंढीवर. पहिलटकरीण, कोकराला जवळ घेईना, लाथा मारायची. मग कोकराच्या अंगाला मीठ चोळलं, तेव्हा कुठं ती चाटायला लागली. मी म्हटलं, यात तालीम कुठाय? तो म्हणाला, "सर, तालीम मास्तरला दिसली. त्येला मेंढीतलं काय कळतंय? त्यो भायेरचा हाय."

निवेदकाच्या मर्यादा यावर मी याहून नेमकं बोललेलो नाही. त्याला दहापैकी आठ दिले. शुद्धलेखनाचे दोन कापले. कापायला नको होते असं अजूनही वाटत नाही.

'ययाति'त हा प्रश्न उघडाच मांडलेला आहे. एकच संसार ययाति सांगतो, देवयानी सांगते, शर्मिष्ठा सांगते, आणि प्रत्येक जण 'मी' म्हणूनच. मराठीला पहिलं ज्ञानपीठ १९७४ साली ज्या पुस्तकानं मिळवून दिलं, त्याच्याबद्दल पोरं लिहितात 'अलंकारिक भाषा' आणि उपमांची यादी जोडतात. यादी खोटी नाही, खांडेकरांना उपमा आवरत नसत. पण एका मुलीनं विचारलं, बापाला तारुण्य दिलं पुरूनं, मग त्याला का नाही बोलायला दिलं? वर्ग गप्प. मीही गप्प. माझा अंदाज असा, की त्याग करणाऱ्याला 'मी' म्हणायला लावलं की त्याग जरा फुशारकीसारखा ऐकू येतो. तिला तो पटला नाही. 'त्याला राग आला असेल तर?' म्हणाली. खांडेकर स्वतः शिरोड्याच्या शाळेत बरीच वर्षं मास्तर होते. अशा प्रश्नाचं काय करायचं ते त्यांना माहीत असणार.

'फकिरा'त 'मी' नाही, पण सांगणारा तटस्थही नाही. पोवाडा ऐकलेल्या माणसाला त्याचा आवाज लगेच ओळखू येतो: पुढं झुकलेला, बाजू घेतलेला. हे पुस्तक लिहिणारा माणूस शाळेत जेमतेम दीड दिवस गेला असं सांगतात, आणि आज त्याच्यावर पंधरा मार्कांचे प्रश्न निघतात. त्यांची मला दर वर्षी गंमत वाटते. दुष्काळात धान्य लुटून उपाशी माणसांना वाटणाऱ्या नायकाची बाजू कुणी घ्यायची, असा प्रश्न अण्णा भाऊंना पडलेला दिसत नाही. पोरांनाही पडत नाही. म्हणून पुढच्या सत्रात तीच घ्यायची ठरवली आहे, आणि खजिन्यावरच्या पहारेकऱ्याच्या तोंडून कोण लिहील म्हणून आत्ताच विचारून ठेवलं. हात एकच वर आला, हवालदाराच्या पोराचा. बाकीच्यांनी त्याला मधल्या सुट्टीत फितूर ठरवलं, आणि तो सगळ्यांना ओरडून सांगत होता की पहारेकऱ्यालाही पगारातच भागवावं लागतं.