निरोप्या

फाईलवर त्याचं नाव ‘मेलर’ असं आहे, पण आमच्या कचेरीत त्याला सगळे निरोप्या म्हणतात. पायथनमध्ये लिहिलेल्या उण्यापुऱ्या दोनशे ओळी, एवढाच त्याचा देह. शाळांसाठी आम्ही जे अ‍ॅप्लिकेशन चालवतो, त्यातलं प्रत्येक पत्र याच्याच हातून बाहेर पडतं: फीची पावती, विसरलेल्या पासवर्डची लिंक, निकाल, आणि सकाळची हजेरी झाली की ‘आपला पाल्य आज गैरहजर आहे’ हा निरोप.

तो येण्याआधीचे दिवस मला चांगले आठवतात. ज्याला ईमेल पाठवायची असे तो आधीच्या कुणाच्या तरी कोडमधल्या दहा-बारा ओळी उचलून आपल्याकडे चिकटवी. असं करत करत त्या ओळी अकरा ठिकाणी पसरल्या. एकदा मेल सर्व्हरचा पासवर्ड बदलला. मी दहा ठिकाणी दुरुस्ती केली, अकरावी जागा नजरेतून सुटली. ती नेमकी गैरहजेरीची होती. चूक झाली तर गिळून पुढे जायचं, अशी त्या ओळींची घडण. त्यामुळे पत्रं गेली नाहीत आणि कुठे बोभाटाही झाला नाही. पाचव्या दिवशी एक आई शाळेत येऊन उभी राहिली. ‘पोरगा दोन दिवस वर्गात नव्हता, मला कळवलं का नाही?’ त्याच संध्याकाळी मी निरोप्या लिहायला बसलो.

तो फार चौकशा करत नाही. चारच गोष्टी विचारतो: कुणाला, विषय काय, मजकुराचा साचा कोणता, आणि साच्यात भरायचं काय. या चार गोष्टींत मात्र तो कुणाची भीड ठेवत नाही. साच्यात पाल्याच्या नावाची जागा असेल आणि नाव आलं नसेल, तर असलं भगदाड पडलेलं पत्र तो उचलतच नाही. विषयाच्या ओळीत नवी ओळ घुसवून भलतेच पत्ते जोडण्याची युक्ती जुनी आहे. तशी ओळ दिसली की तो पत्र माघारी देतो. वर्गातल्या चाळीस पालकांना सूचना द्यायची असेल तर चाळीस वेगळी पत्रं करतो. एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसू द्यायचा नाही, हा त्याचा नेम.

सर्व्हरच्या दाराशी चालणारं त्याचं बोलणं जरूर ऐकावं. जॉन पोस्टेल यांनी 1982 साली एसएमटीपीचे, म्हणजे सर्व्हरकडे पत्र सोपवण्याच्या रीतीचे, नियम लिहून ठेवले, ती रीत अजून चालू आहे. सर्व्हर आधी 220 म्हणतो, म्हणजे दार उघडं आहे. जुन्या नियमांत यावर ‘हेलो’ म्हणायचं असे. निरोप्या त्याचं पुढचं रूप ‘एहलो’ म्हणतो. मग संभाषणावर कुलूप चढतं, तो आपली ओळख पटवतो, कुणाकडून आणि कुणाला ते सांगतो. ‘डेटा’ म्हटल्यावर 354 येतो: बोल, ऐकतोय. सगळं पत्र सांगून झालं की एका ओळीवर एकटं टिंब. संपलं. पण पत्रातलीच एखादी ओळ टिंबाने सुरू झाली तर? तिथे तो आणखी एक टिंब आधी ठेवतो आणि पलीकडचा सर्व्हर ते काढून घेतो. एवढ्याशा ठिपक्यासाठी दोन्ही टोकांनी घेतलेली ही काळजी पाहिली की मला फार बरं वाटतं.

मराठीसाठी त्याला वेगळे कष्ट पडतात. ईमेलचा मूळ रस्ता रोमन अक्षरांपुरता बांधलेला. 1992 साली ‘माईम’चे नियम आले तेव्हा इतर लिप्यांना त्यावरून जाता येऊ लागलं. निरोप्या ‘शुल्क पावती’ हा विषय बेस-64 मध्ये बांधतो. ‘अ’चे यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट होतात आणि त्या तीन बाइटची चार चिन्हं. पलीकडे गाठ सुटते आणि ‘अ’ जसाच्या तसा उमटतो. पूर्वी आमच्या पालकांना विषयाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसायची. ती आता दिसत नाही.

नकाराची त्याला उत्तम पारख आहे. उत्तर चारने सुरू झालं तर त्याचा अर्थ ‘आत्ता नको, नंतर ये’. मग तो एक मिनिट थांबतो, पुढे दोन, चार, आठ. दार बडवत बसत नाही. उत्तर पाचने सुरू झालं, 550 सारखं, तर ‘इथे असं कुणी नाही’. तो पुन्हा त्या वाटेला जात नाही, पत्ता तपासा म्हणून नोंद करतो. आणि 250 आला तरी वहीत ‘पोचलं’ असं कधीच लिहीत नाही. ‘स्वीकारलं’ असं लिहितो. सर्व्हरने पत्र हाती घेतलं, एवढंच त्याला ठाऊक असतं, आणि ठाऊक आहे तेवढंच तो बोलतो. कोडमधला हा सरळपणा मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

आमच्या टेबलावर काम करताना तो घराबाहेर पडत नाही. वाहन बदलायची सोय त्याला जन्मापासून दिलेली आहे. शाळेत एसएमटीपी, आमच्याकडे नुसता पडदा. पत्र पडद्यावर उमटतं, आम्ही वाचतो, चुका काढतो. चाचणीचं पत्र खऱ्या पालकाच्या हाती पडायची धास्ती उरत नाही. सर्व्हरचा पासवर्डही आता एकाच जागी राहतो.

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी मेल सर्व्हरच बंद पडला. निरोप्याने सगळी पत्रं रांगेत लावली आणि थांबून थांबून दार ठोठावत राहिला. रात्री दार उघडलं, तेव्हा पावत्या आणि निकाल एकेक करून गेले. गैरहजेरीचे निरोप मात्र त्यात नव्हते. त्यांना मी दुपारी एकची मुदत घालून दिली होती, कारण सकाळची काळजी रात्री कळवून आईबापांना काय उपयोग? एक वाजता त्याने ते रांगेतून बाजूला काढले होते आणि शाळेच्या कार्यालयातल्या पडद्यावर यादी मांडली होती. वर एकच वाक्य: ‘हे निरोप गेलेले नाहीत.’ खाली मुलांची नावं, वर्ग आणि पालकांचे फोन.

कार्यालयातल्या बाईंनी यादी वाचली, चष्मा सारखा केला आणि पहिला नंबर फिरवला.