बाबांची पेन्सिल

पेन्सिलीसारख्या लहानशा वस्तूविषयी कधी लिहावे लागेल, असे मला वाटले नव्हते. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्या बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचाही गेली. तेव्हापासून या लहान वस्तूला आमच्या घरात फार मोठे स्थान मिळाले आहे.

बाबांचा जन्म सुतारकामात गेला. कोणतीही वस्तू आधी फळीच्या तुकड्यावर रेखाटून दाखवावी, ही त्यांची रीत. म्हणून मी त्यांचीच चपटी पेन्सिल त्यांच्या डाव्या हातात दिली. तिचे शिसे कठीण. दुबळ्या हाताने कागदावर रेघ उमटेना. शिवाय चाकूने टोक करावयाचे म्हणजे दोन हात हवेत. मग मुलाची पेन-पेन्सिल दिली. तिचे शिसे अवघे अर्ध्या मिलिमीटरचे! सवय नसलेल्या हाताखाली ते पुनःपुन्हा मोडू लागले. बाबांनी पेन्सिल भिरकावली आणि भिंतीकडे तोंड फिरविले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी बेळगाव गाठले. दुकानदाराने जाड शिशाच्या खटक्याच्या पेन्सिली पुढे मांडल्या. २ मिलिमीटरचे शिसे बारीक रेखाटनास उत्तम. पण त्याला वरचेवर टोक करावे लागते. ५.६ मिलिमीटरचे शिसे सहसा मोडत नाही, बोथट झाले तरी चालते आणि आडवे धरल्यास छायाही भरता येते. त्याची दांडीही जाड, त्यामुळे मुठीत नीट बसते. बारीक अक्षरांसाठी मात्र ती घेऊ नये.

शिसे म्हणतात खरे, पण ते असते ग्रॅफाइट आणि माती यांचे मिश्रण. माती अधिक तर शिसे कठीण, ते ‘एच’. ग्रॅफाइट अधिक तर मऊ आणि काळे, ते ‘बी’. मी ‘४ बी’ घेतले. हलक्या दाबाने रेघ उमटते. हात थोडा काळा होतो, एवढेच. धातूची पेन्सिल जड वाटली, म्हणून हलकी निवडली. ती हार्टमुथ या १७९० साली व्हिएन्नात स्थापन झालेल्या कंपनीची निघाली. तिच्यावर आपल्या कोहिनूर हिऱ्याचे नाव पाहून मौज वाटली.

एक सावधगिरी मात्र हवी. मागचा खटका दाबताच पुढची पकड सुटते आणि शिसे आपल्या वजनाने खाली येते. म्हणून टोक कागदाजवळ धरूनच खटका दाबावा. नाहीतर सगळे शिसे जमिनीवर पडून त्याचे तुकडे होतात. बाबांना हे एकाच हाताने साधले.

पहिले दोन दिवस त्यांनी नुसत्या रेघोट्या ओढल्या. तिसऱ्या दिवशी एक खाट काढली, तिच्या कडेला उभा दांडा, दांड्याला आडवी मूठ. आम्हांला उमगेना. आई मात्र चटकन म्हणाली, “अरे, त्यांना धरून उठायचं आहे!”

त्याच संध्याकाळी मी सागवानी मूठ बसविली. माप थोडे चुकले होते. बाबांनी कागद ओढला आणि चुकलेल्या जागी ठसठशीत फुली मारली. कितीतरी दिवसांनी ते मला रागावले होते, आणि आईच्या डोळ्यांत पाणी होते.

वाचकहो, पेन्सिल घ्यावयास जाल तेव्हा ती ज्याला द्यावयाची त्याचा हात आधी नीट पाहून जा.