नागोयाचा निळा दिवा

नागोया पाहावयास जाणारे प्रवासी बहुधा तेथील किल्ला व त्याच्या शिखरावरचे सोनेरी मत्स्य पाहून परततात. आम्हीं किल्ला दुरूनच पाहिला. आमचें लक्ष शहराच्या पूर्व भागांतील विद्यापीठाकडे लागलें होतें. भुयारी रेल्वेनें मोतोयामापर्यंत जाऊन तेथें गाडी बदलली, कीं पुढचेंच स्थानक विद्यापीठाचें. तेथील एक इमारत प्राध्यापक इसामु आकासाकी यांच्या नांवाची आहे. ती २००६ सालीं उभी राहिली, आणि तिला लागलेला पैसा त्यांच्याच शोधाच्या पेटंटांच्या उत्पन्नांतून आला! निळ्या दिव्याची सारी हकीकत तेथें प्रदर्शनरूपानें मांडलेली आहे.

निळ्या दिव्याचें एवढें कौतुक कां, असें वाचक विचारतील. स्फटिकांतून तांबडा प्रकाश १९६२ सालींच मिळाला होता. निळा कांहीं केल्या साधेना, आणि निळ्यावांचून पांढरा प्रकाश नाहीं. आपल्या घरांतील पांढऱ्या एलईडी दिव्यांत मूळ प्रकाश निळाच असतो. त्यावरील लेपांतून पिवळा उमटतो व दोहोंचें मिश्रण डोळ्यांस पांढरें दिसतें.

ह्या कामास गॅलियम नायट्राइड योग्य, हें पुष्कळांस ठाऊक होतें. अडचण होती ती त्याचा चांगला थर वाढविण्याची. कृत्रिम नीलमण्याची चकती सुमारें हजार अंशांवर तापवावयाची, व तिच्यावर गॅलियमयुक्त वाफ आणि अमोनिया सोडावयाचा. म्हणजे गॅलियम व नायट्रोजन यांचे अणु तप्त पृष्ठावर बसत जातात. परंतु दोन्ही स्फटिकांच्या मांडणींत सुमारें १६ टक्क्यांचा फरक! एका मापाच्या विटांवर निराळ्या मापाच्या विटा रचाव्या, तसेंच हें. भेगा पडत, खड्डे पडत, आणि हातीं येई तें घासलेल्या कांचेसारखें धुरकट. बहुतेकांनीं हा नाद सोडून दिला.

आकासाकी १९८१ सालीं येथें आले. पुढच्याच वर्षीं हिरोशी अमानो हे विद्यार्थी त्यांच्या हाताखालीं दाखल झाले. पैसा बेताचा, म्हणून भट्टी स्वतःच जुळविलेली. दीड हजारांवर प्रयोग झाले, बहुतेक फसले. १९८५ मध्यें एके दिवशीं ती भट्टी पुरेशी तापेना. दुसरा कोणी असता तर तिला नांवें ठेवून घरीं गेला असता. अमानोंनीं त्या कमी उष्णतेवरच ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर आधीं दिला, आणि मग उष्णता वाढवून त्यावर गॅलियम नायट्राइड वाढविलें. चकती बाहेर आली ती लख्ख पारदर्शक! त्यांस वाटलें, आपण गॅलियमची वाफ सोडावयासच विसरलों. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें तेव्हां कळलें कीं, थर आहे, आणि तो नितळ आहे. खालच्या अस्तरानें मापांची ओढाताण आपल्यावर घेतली होती. ह्यास नुसता योगायोग म्हणणें आम्हांस पटत नाहीं. नितळ चकती पाहून चकित होण्यास धुरकट चकत्या पुष्कळ पाहाव्या लागतात.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. १९८९ मध्यें ह्याच मंडळींनीं मॅग्नेशियम मिसळून दिव्यास लागणारा दुसऱ्या जातीचा थर साधला. शिकोकू बेटावरील आनान येथें शुजी नाकामुरा यांनीं भट्टींत वायूचा एक प्रवाह बाजूनें व दुसरा वरून सोडून थर सुधारला, व १९९३ सालीं प्रखर निळा दिवा जाहीर झाला. २०१४ चें नोबेल पारितोषिक तिघांस मिळून देण्यांत आलें. आकासाकी २०२१ सालीं निवर्तले.

संध्याकाळीं परततांना चौकांत हिरवा सिग्नल लागला. जपानी लोक त्यास बोलतांना 'निळा' म्हणतात. ही त्यांच्या भाषेची जुनी संवय, शोधाशीं तिचा संबंध नाहीं. पण असा हिरवा प्रकाश देणारे स्फटिकही त्याच गॅलियम नायट्राइडच्या कुळांतले, इंडियम मिसळलेले. हें सोबत्यांस समजावीत आम्ही उभे राहिलों, इतक्यांत तो तांबडा झाला.