जनावरांची सुट्टी

जानेवारी उजाडला की सोलापूरला गड्ड्याचे वेध लागतात. मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा भरते, सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते. त्यानंतरही बरेच दिवस मैदानावर पाळणे, खेळण्यांची दुकाने, भज्यांच्या गाड्या आणि माणसांची झुंबड असते. यालाच सोलापूरकर गड्डा म्हणतात. आमच्या घरात यात्रेचे विधी कोणी करीत नाही. पण गड्ड्यातला पाळणा आणि तळ्याच्या पाण्यात पडलेली रोषणाई साऱ्या शहराची असते, तशी ती आमचीही आहे.

आज सांगायची गोष्ट १९९६ सालच्या गड्ड्याची. आम्ही चौघे भावंडे तेव्हा शाळेत होतो. घर बुधवार पेठेतल्या मिलिंदनगरात. आण्णा यंत्रमागावर कामाला, आई आणि आजी घरी विड्या वळत. त्या वर्षी आण्णांनी कबूल केले होते की, दुपारी प्राणिसंग्रहालय आणि संध्याकाळी गड्डा, असा एक पूर्ण दिवस सगळ्यांनी बाहेर काढायचा. आजीनेही यायचे.

आजीला बाहेर काढणे सोपे नव्हते. विडीचे काम हजारावर चालते. जितक्या विड्या वळाल तितकी मजुरी, हात थांबला की मजुरी थांबली. पाने भिजवायची, कातरायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, कट्टे करून कारखान्यात नेऊन द्यायचे. आजी पहाटे मांडीवर सूप घेऊन बसे ती दिवे लागेपर्यंत. आमच्यासाठी एक दिवस मोकळा करायचा म्हणून आधीच्या दोन रात्री ती उशिरापर्यंत बल्बखाली बसून वळत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने पांढरे लुगडे नेसले, फडक्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधली, आणि आम्ही सिटी बसने विजापूर रोडला निघालो.

महानगरपालिकेचे महात्मा गांधी प्राणिसंग्रहालय विजापूर रोडवर, कंबर तलावाजवळ. या तलावालाच धर्मवीर संभाजी तलाव असेही म्हणतात. बस थांबली तशी धाकट्याने उडीच मारली आणि फाटकाकडे पळत सुटला. तो परत आला तो रडवेला होऊन. फाटकाला कुलूप होते.

आत झाडाखाली एक पहारेकरी बसला होता. आण्णांनी विचारले तेव्हा तो उठून जवळ आला आणि म्हणाला, "आज बंद हाय. आज जनावरांची सुट्टी."

आठवड्यातून एक दिवस प्राणिसंग्रहालय बंद असते हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. आण्णांचा चेहरा उतरला. एका दिवसाची मजुरी गेली, बसचे पैसे गेले. आजी मात्र फाटकाच्या गजांना धरून उभी राहिली.

"जनावरालाबी सुट्टी असती व्हय दादा?"

"असती की मावशी. सारखी माणसं बघून बघून ती बी कंटाळतात. आज पिंजरे धुवायचे, डॉक्टरनं बघायचं, आन् बाकी मग निवांत."

आजी हसली. मग म्हणाली, "निवांत." तो एकच शब्द तिने दोनदा उच्चारला.

परत लगेच बस नव्हती. आम्ही तलावाच्या काठाला सावलीत बसलो, भाकरी खाल्ली. पाण्यात बगळे आणि पाणकोंबड्या होत्या. मुले म्हणून आम्ही दगड शोधू लागलो तर आजीने दटावले, "त्यांची सुट्टी हाय म्हन्ला न्हवं त्यो." तेव्हा आमच्या थोरल्या बहिणीच्या एक गोष्ट लक्षात आली. तिने खुणेने आम्हाला दाखवली. आजी तलावाकडे बघत बसली होती, हातात काही नव्हते, पण तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोटे आपोआप हलत होती. हवेतच विडी वळत होती. आईने तिचा हात धरून आपल्या मांडीवर ठेवला. आम्ही आजीचे हात रिकामे कधी पाहिलेच नव्हते.

पुढे मोठेपणी वाचनात आले की, पहारेकऱ्याचे म्हणणे थट्टेचे नव्हते, ते कायद्याचे होते. १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. त्याच वर्षी आलेल्या नियमांत असे आहे की, प्रत्येक प्राणिसंग्रहालय आठवड्यातून निदान एक दिवस प्रेक्षकांसाठी बंद ठेवलेच पाहिजे. माणसांची गर्दी, आरडाओरडा, डोळ्यांत रोखून बघणे यांचा जनावरांना ताण होतो. तो उतरायला एक दिवस लागतो.

माणसाला तरी ही सुट्टी आपोआप कुठे मिळाली? गिरण्या सुरू झाल्या तेव्हा कामगाराला ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांच्या सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात १९४५ साली कारखान्यातील कामगारांना भरपगारी रजेचा कायदा झाला आणि १९४६ साली आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. आमच्या आजोबांनी सोलापुरात गिरणीत काम केले. त्यांना भोंगा होता, पाळी होती, रजेचा दिवस होता. त्याच घरात बसून विड्या वळणाऱ्या आजीला भोंगाही नव्हता आणि रजाही नव्हती.

आम्ही त्या दिवशी गड्ड्यालाही गेलो नाही. घरी आलो तशी आजी सूप घेऊन बसली.

चार दिवसांनी रविवारी आण्णांनी पुन्हा सगळ्यांना बाहेर काढले. आजी म्हणाली, मी नाही येत, तुम्ही जाऊन या. तेव्हा आईने तिचे सूप उचलून माळ्यावर ठेवले. "जनावरास्नी एक दिवस मिळतो, तर तुम्हाला का न्हाई, आत्या?" असे आई म्हणाली आणि आजीला पुढे बोलायला जागा उरली नाही.

रविवार असल्याने फाटकापाशी रांग होती. खेड्यांतून गड्ड्याला आलेली माणसेही दुपारचा वेळ काढायला तेथे येत. प्राणिसंग्रहालय लहानच, तासाभरात फिरून व्हावे असे. पण आम्ही तीन तास काढले, कारण आजी कोठेही घाई करू देईना.

हरणांपाशी ती सर्वांत जास्त थांबली. अंगावर पांढरे ठिपके असलेली चितळे होती, आणि काळवीट. आण्णांनी आम्हाला फरक दाखवला. चितळ नराची शिंगे फांद्यांसारखी, ती दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळविटाची शिंगे पिळदार, ती जन्मभर तीच राहतात. काळवीट हे तर आपल्या माळरानाचेच जनावर. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात आजही काळविटांचे कळप दिसतात. ज्या माळढोकासाठी १९७९ साली ते अभयारण्य झाले, तो पक्षी मात्र आता क्वचितच कोणाच्या नजरेस पडतो.

हरणांच्या कुंपणाशी उभे राहून आण्णांनी निग्रोधमृगाची जातककथा सांगितली. काशीच्या राजासाठी रोज एका हरणाचा बळी ठरलेला. एके दिवशी पाळी आली ती एका गाभण हरिणीची. तिच्या कळपाच्या नायकाने सवलत द्यायला नकार दिला. तेव्हा दुसऱ्या कळपाचा नायक निग्रोध तिच्या जागी स्वतः मान द्यायला गेला. राजाने ते पाहिले आणि सगळ्याच हरणांना अभय दिले, मग इतर पशुपक्ष्यांना आणि माशांनाही. बुद्धाने पहिले प्रवचन दिले तेही सारनाथच्या मृगदावात, म्हणजे हरणांच्याच वनात. विहारात आम्ही पंचशील रोज म्हणत होतो, पण पहिले शील म्हणजे काय ते त्या दिवशी हरणांच्या डोळ्यांकडे बघताना थोडे कळले.

आणि लगेच त्याची परीक्षाही झाली. मगरीच्या हौदाभोवती गर्दी होती. मगर काठावर तोंड उघडे टाकून पडलेली, जराही हलत नव्हती. कोणी म्हणे मेली आहे, कोणी म्हणे सिमेंटची आहे. दोन तरुण मुले खडे मारून खात्री करून घेत होती. आमचा धाकटाही वाकून खडा उचलू लागला. आजीने त्याचे मनगट धरले आणि त्या मुलांना म्हणाली, "अरं बाळांनो, थंडीत ऊन खातीया ती. तुम्ही रातपाळी करून झोपल्यावर कुणी खडं मारलं तर?"

मुले ओशाळली. त्यांतला एक खरेच रातपाळी करून आला होता म्हणे. मगर थंड रक्ताची. तिचे शरीर स्वतः ऊब निर्माण करू शकत नाही, म्हणून ती हिवाळ्यात तासन्‌तास उन्हात पडते आणि तोंड उघडून अंगातली उष्णता बेताची ठेवते. आजीला हे शास्त्र माहीत नव्हते. थकलेल्या जीवाला बसू द्यावे, एवढे माहीत होते. प्राणिसंग्रहालयातील प्राण्याला चिडवणे, इजा करणे, खायला टाकणे, आवाज करून त्रास देणे याला वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे आणि तो गुन्हाही आहे.

संध्याकाळी आम्ही होम मैदानावर आलो. पाळणा फिरत होता, रंगीत बल्बांच्या माळा लखलखत होत्या, आणि तळ्यातल्या सिद्धेश्वर मंदिराची रोषणाई पाण्यात उतरली होती. आजी पहिल्यांदा पाळण्यात बसली. वर गेल्यावर तिने डोळे मिटून घेतले आणि खाली आल्यावर म्हणाली, अजून एकदा.

परतताना धाकट्याने विचारले, "आण्णा, तिथं जनावरांपाशी अशी लायटिंग का न्हाई करत?"

आण्णा म्हणाले, "दिवे आपल्याला पायजेत. त्यांना अंधार पायजे."

अमेरिकेत सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात १९८२ पासून नाताळच्या दिवसांत दिव्यांचा मोठा उत्सव होतो. इतरही देशांत आता थंडीत असे उत्सव भरतात, लोक मुलाबाळांना घेऊन जातात. दिवे बघायला कोणाला आवडत नाही? पण आण्णांचे उत्तर आम्हाला आजही पटते. हरणाच्या डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा एक थर असतो. त्यामुळे आपल्याला अंधार वाटतो तेथे त्याला पुरेसे दिसते. त्याची रात्र आपण उजेडाने भरली तर त्याची विश्रांती हिरावली जाते. जेथे दिवे लावायचे तेथे ते पिंजऱ्यांपासून दूर आणि बेताचे असावेत, एवढे तरी पाळले पाहिजे.

त्या आठवड्यापासून घरात एक नियम झाला. रविवारी आजीचे सूप माळ्यावर. सुरुवातीला ती पहाटे गुपचूप उठून ते खाली काढी. मजुरी कमी पडे, तेव्हा आम्ही मुले शाळेतून आल्यावर पाने कातरायला बसत असू. कधी नियम पाळला गेला, कधी घरखर्चाने तो मोडला. पण आजी शेवटपर्यंत रविवारला रविवार म्हणाली नाही. ती म्हणे, "आज जनावरांची सुट्टी."

आता आजी नाही, आण्णा नाहीत. आम्ही आमच्या मुलांना पुण्याला कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात नेतो, किंवा मुंबईला गेलो की राणीच्या बागेत. ही दोन्ही ठिकाणे बुधवारी बंद असतात. कोठेही जा, सुट्टीचा वार आधी विचारून घ्या, म्हणजे आमच्यासारखा हेलपाटा पडणार नाही. मुलांना सांगा, काचेवर टकटक करायची नाही, शेंगदाणे फेकायचे नाहीत, झोपलेल्या प्राण्याला उठवायचे नाही. आणि घरातली जी बाई सगळ्यांचे डबे भरून "तुम्ही जाऊन या" म्हणते, तिला आधी बरोबर घ्या.

गड्ड्याला गेलो की आम्ही आजही पाळण्यात बसतो. पाळणा वर गेला की सारे शहर दिव्यांनी भरलेले दिसते. विजापूर रोडच्या बाजूला आमची नजर आपोआप जाते आणि फाटकाच्या गजांना धरून उभी असलेली आजी आठवते.