ताज्या बातमीचा शोध आणि साठावा दिवस



शोधयंत्रात 'नागापूर' लिहिले की ते 'नागपूर' दाखवते. फरक एका कान्याचा, पण यंत्राच्या हिशेबी आमचे गाव म्हणजे कुणाची तरी टायपिंगची चूक. १४ ऑक्टोबरच्या आसपास तर समोर सगळी दीक्षाभूमीच येते; आता त्याची तक्रार तरी कोणत्या तोंडाने करायची! त्यात अहमदनगरचे अहिल्यानगर झाल्यापासून जिल्ह्याच्या जुन्या बातम्या एका नावाखाली आणि नव्या दुसऱ्या नावाखाली सापडतात. दोन्ही नावे टाकून शोधणारा कार्यकर्ता मला अजून क्वचितच भेटला आहे.

एमआयडीसीत शिफ्ट करणारी, भाड्याच्या खोलीत राहणारी आमच्याकडची पोरे दिवसभर 'आत्ता'चा शोध घेत असतात. भरती निघाली का, निकाल लागला का, लाईट कशाने गेली, मनमाड रोडला गाड्या का अडकल्यात. या कामासाठी रिअल-टाइम सर्च चांगलाच आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. अत्याचाराच्या प्रकरणातही आपण हाच शोध वापरतो आणि तेवढ्यावरच थांबतो.

हा शोध चालतो कसा, ते आधी समजून घेऊ. इतर किती पानांनी एखाद्या पानाची लिंक दिली, यावरून त्या पानाचे वजन ठरवायचे, ही गुगलची मूळ पद्धत. पाच मिनिटांपूर्वी लिहिलेल्या मजकुराला लिंक कोण देणार? म्हणून तिथे दुसरी मापे लागतात. मजकूर किती ताजा आहे, किती वेगाने पसरतो आहे, लिहिणाऱ्यामागे किती लोक आहेत. तो खरा आहे का, हे माप त्यात नाही. आणि ताजेपणाही फुकट मिळत नाही. गुगलने डिसेंबर २००९ मध्ये स्वतःचा रिअल-टाइम सर्च सुरू केला, तो मुख्यतः ट्विटरच्या मजकुरावर उभा होता. ट्विटरशी असलेला करार संपला आणि जुलै २०११ मध्ये तो बंद पडला. जगात आत्ता काय चालले आहे, हाही विकत घ्यायचा माल आहे तर!

समाजशास्त्राच्या अंगाने मला लोक काय शोधतात यात जास्त रस आहे. सर्वेक्षणाला गेले की 'आमच्याकडे जात कोणी मानत नाही' हे उत्तर ठरलेले असते. शोधाच्या चौकटीत मात्र माणूस एकटा असतो. ऑगस्ट २०१६ मध्ये पी. व्ही. सिंधूने रिओ ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक जिंकले, आणि त्याच दिवसांत देशातले लोक तिची जात शोधत होते. गुगल ट्रेंड्सवर ते उघड दिसले, वर्तमानपत्रांत छापूनही आले. जातीच्या या देशात प्रश्नावलीपेक्षा शोधाची चौकट अधिक प्रामाणिक निघाली, असे मी म्हणेन.

कुणी म्हणेल, तातडीने कळलेच नाही तर आंदोलन कसे उभे राहणार? मुद्दा बरोबर आहे. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, आणि प्रस्थापित माध्यमांना तिची दखल घ्यायला कित्येक आठवडे लागले. तो काळ परत यावा असे कुणालाच वाटणार नाही.

पण आपल्याच जिल्ह्यातले खर्डा आठवा. २८ एप्रिल २०१४ ला जामखेड तालुक्यातल्या या गावात १७ वर्षांच्या नितीन आगेची हत्या झाली. बातमी राज्यभर गेली, मोर्चे निघाले, नेते येऊन गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. साक्षीदार फितूर झाले होते. साक्षीदार मोर्चाच्या दिवशी फितूर होत नाही. मधल्या साडेतीन वर्षांत, गावात कुणी नसताना, त्याच्यावर दाब येतो. त्या काळातले 'ताजे' असे काही नसतेच, त्यामुळे ताज्याच्या शोधात ते दिसणार कसे? यंत्राचा दोष इथे थोडाच आहे. आपण त्याच्या घड्याळावर चळवळ चालवतो, हा खरा घोळ आहे.

कायद्याचे घड्याळ वेगळे आहे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या आताच्या नियमांनुसार तपास पूर्ण करून ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल व्हायला हवे. त्यानंतर खटला शक्यतो दोन महिन्यांत संपवावा, असे कायद्याचे कलम १४ सांगते. मग घटना कळली त्याच दिवशी मोबाईलमध्ये साठाव्या दिवसाची आठवण का लावू नये? त्या दिवशी ट्रेंडमध्ये काहीही असेल, क्रिकेट असेल, कुणाचे लग्न असेल. आपण दोषारोपपत्र शोधायचे.

ते शोधायला जागा आहेत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये आदेश दिला की संवेदनशील प्रकरणे वगळता एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर प्रत्येक खटल्याला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो टाकला की मागच्या तारखा, झालेले आदेश आणि पुढची तारीख दिसते. तिथे कुणाला किती लाइक मिळाले याला किंमत नाही. मी तरुणांच्या बैठकीत मोबाईल काढायला लावते आणि एकच काम देते, तालुक्यातल्या एका तरी खटल्याचा सीएनआर वहीत उतरवा. पहिल्यांदा कंटाळतात. पुढच्या तारखेचा रकाना दिसला की मात्र खोलीत प्रश्न सुरू होतात. सरकारी वकील कोण आहे, फिर्यादीची आई त्या दिवशी कामाचा खाडा करून येणार का, तिचा प्रवासखर्च मागितला का. साक्षीदाराला प्रवास आणि निर्वाहाचा खर्च देण्याची तरतूद याच कायद्यात आहे, हे बऱ्याच जणांना तिथेच पहिल्यांदा कळते.

तारखेला कोर्टाच्या बाकावर फिर्यादीच्या शेजारी कोण बसले होते, याची नोंद मात्र त्या संकेतस्थळावर होत नाही. नागापूरहून जिल्हा न्यायालयात रिक्षाने जाता येते.