आधीचे आणि कारणाचे

इतिहास शिकविताना आम्ही एक भेद आवर्जून सांगतो : जे आधी घडले, ते नंतरच्याचे कारण असतेच असे नाही. हाच भेद संगणकाच्या कामातही किती मोलाचा आहे, हे ग्रंथालयाच्या निमित्ताने आम्ही पाहिले.

ग्रंथालयाच्या नोंदींसाठी 'कोहा' ही मुक्त संगणकप्रणाली आपण घेतली. 'डेबियन' सर्व्हरची सारी मांडणी एका माजी विद्यार्थ्याने 'पपेट' या साधनासाठी लिहून दिली. यंत्र शेवटी कसे असावे ते लिहून द्यायचे. तसे ते घडविणे हे पपेटचे काम. जुन्या सर्व्हरवर सारे सुरळीत होते. ऐन परीक्षेच्या तोंडावर तो बंद पडला. नव्यावर तीच मांडणी चालविली, तर पॅकेज सापडत नाही, असा संदेश आला. पुन्हा चालविली, तर सारे नीट बसले!

चालले ना, मग झाले, असे म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतो. तो विद्यार्थी मात्र म्हणाला, "सर, दुसऱ्या फेरीत आपोआप सुटणारा दोष बहुधा क्रमाचा असतो."

कोहाची पॅकेजे त्याच्या स्वतंत्र भांडारातून घेतली होती. आधी भांडाराची किल्ली व पत्ता नोंदवायचा, मग पॅकेजांची यादी ताजी करायची, त्यानंतर कोहा बसवायचा. पहिल्या फेरीत यादी ताजी होण्यापूर्वीच कोहाची मागणी झाली. यादी मागाहून ताजी झाली, म्हणून दुसरी फेरी साधली. जुन्या सर्व्हरवर ती पूर्वीच हाताने ताजी केलेली होती. दोष झाकलेला राहिला.

2015 साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून पपेट, नाते न सांगितलेल्या बाबी सहसा लिहिलेल्या क्रमाने घेते. परंतु लेखनाचा क्रम म्हणजे अवलंबित्व नव्हे. कोहाला ताजी यादी लागते, हे 'रिक्वायर' या शब्दाने स्पष्ट लिहावे लागते. 'सर्व पॅकेजे यादीनंतरच' असा सरसकट नियमही चालत नाही. किल्ली हाताळणारे साधन हेही पॅकेजच, आणि ते यादीच्या आधी हवे. मग वर्तुळ तयार होते आणि पपेट काम नाकारते. म्हणून जेथे खरी गरज आहे, तेथेच नाते नोंदवावे.

ते नाते आता लिहिले गेले आहे. मांडणीत बदल झाला की ती कोऱ्या यंत्रावर चालवून पाहायची, आणि पहिल्याच फेरीत बसली तरच स्वीकारायची, असा आम्ही नियम केला आहे.